पूर्णेच्या काळ्या मातीची ओळख पटवताना

राज्याच्या मृदा नकाशावर पूर्णा नदीचं खोरं शोधावं लागत नाही. वर गाविलगडचे डोंगर, खाली अजिंठ्याच्या रांगेकडे चढत जाणारं पठार, आणि मधून अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पश्चिमेकडे गेलेला रुंद पट्टा. नकाशा १:२,५०,००० प्रमाणाचा, म्हणजे त्यावरच्या एका सेंटिमीटरात अडीच किलोमीटर जमीन. एवढ्या जागेत जे सांगता येईल ते तो सांगतो: अतिखोल, चिकण, चुनायुक्त काळी माती, उतार नगण्य, काही भाग क्षारबाधित. माझा एम.एस्सी.चा प्रबंध त्यातल्या 'काही भाग' या दोन शब्दांवर होता. नेमका कोणता भाग, आणि शेजारचा सोडून तोच का?

मी सांगलीकडची. क्षारपड जमीन मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण ती माणसाने केलेली. उसाला पाटाचं पाणी देत राहायचं, निचऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग भूजल वर येतं आणि सोबत मीठ आणतं. पूर्णेच्या खोऱ्यातली गोष्ट उलटी आहे. इथे पाट नव्हते तेव्हापासून विहिरीचं पाणी खारं आहे, म्हणून या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. पहिल्याच भेटीत माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तुमच्याकडे पाणी जास्त झालं म्हणून जमीन बिघडली, इथे ते आतपर्यंत पोचलं नाही म्हणून. एवढं डोक्यात ठेव आणि कामाला लाग."

काम सुरू झालं टेबलावर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे उंचसखल दाखवणाऱ्या नकाशावर, समोच्च (समान उंचीच्या) रेषा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. गाविलगडच्या कड्याला त्या एकमेकींना चिकटलेल्या, पायथ्याला पांगलेल्या. आणि दर्यापूरच्या आसपास एक रेषा सापडली की पुढची कुठे गेली ते बोट फिरवत हुडकायचं. मधल्या सगळ्या गावांबद्दल शीटचं म्हणणं एकच, की जमीन सपाट आहे. मग उपग्रहाकडे वळले. अमेरिकेच्या शटल मोहिमेने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने मोजलेली उंची ३० मीटरच्या चौकोनांत फुकट मिळते. डोंगराळ भागात तिच्यावर खुशाल विसंबावं. या खोऱ्यात मात्र त्या मोजणीतली चूकच काही मीटरची, आणि जमिनीचा खरा चढउतार कित्येक ठिकाणी त्याहून कमी. उताराचा नकाशा काढला तर गावठाणाची पांढरी आणि झाडांच्या रांगा टेकड्या होऊन उभ्या राहिल्या.

सेंटिनेल-२ या उपग्रहाची मे महिन्यातली चित्रं त्या मानाने स्वच्छ होती. त्या दिवसांत वावरं उघडी असतात, ढग नसतात, माती थेट दिसते. क्षारबाधित जमिनीवर पांढरी फूट दिसते हे पाठ्यपुस्तकात वाचलेलं, म्हणून मी फिकट डाग शोधत होते. डाग जवळजवळ नव्हतेच. सगळीकडे तीच गर्द काळी छटा. पूर्णेच्या मातीचं वैशिष्ट्यच हे, की तिचा आजार वरच्या थरात फारसा दिसत नाही, तो फूट-दीड फुटाखाली असतो. उपग्रहाला दिसतात वरचे काही मिलिमीटर. ऑक्टोबरमधली पिकाची चित्रं लावली तेव्हा कुठे एकाच शिवारात हिरव्या रंगाचे दोन थर वेगळे होऊ लागले. पण पीक उशिरा पेरल्याने फिकं आहे, खत कमी पडल्याने की मातीमुळे, हे चित्र सांगत नाही.

हवामानाचा भाग मी सोपा धरला होता, कारण आकडे तयार असतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोने देशाचे २० कृषी-पर्यावरणीय प्रदेश आणि त्यांचे ६० उपप्रदेश पाडले आहेत. आमचं खोरं ६.३ मध्ये येतं: उष्ण, अर्धशुष्क, आणि पिकाला ओल मिळण्याचा काळ वर्षाकाठी १२० ते १५० दिवस. पूर्वेकडून पश्चिमेकडे येताना सरासरी पाऊस शंभरेक मिलिमीटरने उतरतो. हवा वर्षभरात जेवढं पाणी ओढून घेऊ शकते, ते पडणाऱ्या पावसाच्या दुपटीच्या आसपास. मंडळनिहाय पावसाच्या नोंदी जमवल्या. जुन्या वह्यांत पाऊस पडला नाही म्हणून शून्य आणि कोणी मोजलाच नाही म्हणून शून्य, हे दोन्ही एकाच शाईत लिहिलेले असतात, तेव्हा शेजारच्या मंडळांशी ताडून ते निवडत बसावं लागलं.

मातीला नाव द्यायला आम्ही अमेरिकन वर्गीकरण पद्धत वापरतो. तिच्यात हवामान लागतं ते वेगळ्या रूपात. वर पाऊस किती पडला यापेक्षा मातीचा मधला भाग वर्षातले किती दिवस ओला राहिला आणि किती दिवस कोरडा, याचा हिशेब मागतात. त्यासाठी फ्रँकलिन न्यूहॉल यांनी १९७२ मध्ये मांडलेली गणनपद्धत आजही वापरतात. महिन्याचा पाऊस आणि तापमान घालायचं. पद्धत निम्मा पाऊस महिन्याच्या मध्याला एका झडीत पडला असं धरते, उरलेला हलका, पसरून. माती २०० मिलिमीटर पाणी धरते असंही ठरवता येतं. आमचं उत्तर आलं 'उस्टिक'. म्हणजे वर्षातले ९० किंवा जास्त दिवस कोरडी, पण पिकाच्या दिवसांत पुरेशी ओली. सगळ्या खोऱ्याला हेच उत्तर. चांगल्या वावराला आणि बिघडलेल्या वावराला पाऊस एकच, म्हणून उत्तरही एकच. या हिशेबात एक गोष्ट न विचारता धरलेली असते: पडलेलं पाणी मातीत शिरतं.

तापमानाचीही एक गंमत इथेच सांगते. मातीच्या नावात तापमानाचा एक शब्द येतो. ५० सेंटिमीटर खोलीवर उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं सरासरी तापमान ६ अंशांपेक्षा कमी फरकाचं असेल तर 'आयसोहायपरथर्मिक', जास्त असेल तर नुसतं 'हायपरथर्मिक'. अमेरिकन पद्धतीत उन्हाळा म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो आणि जुलैत माणूस सुटकेचा श्वास टाकतो, पण वर्गीकरणाचा उन्हाळा जुलैतच. त्यामुळे फरक ६ अंशांच्या काठावर घुटमळतो. त्यात १९७५ च्या मूळ आवृत्तीत ही मर्यादा ५ अंश होती, पुढे ती ६ झाली. विदर्भातल्या काळ्या मातीला जुन्या अहवालांत कुठे एक शब्द लावलेला दिसतो, कुठे दुसरा. मी आयसोहायपरथर्मिक लिहिलं आणि त्यावर फार डोकं घातलं नाही. त्या शब्दाने कपाशीचं एक बोंडही कमीजास्त होत नाही.

मग खोरं आडवं कापत गेलो, उत्तरेकडून दक्षिणेकडे. परतवाडा-अचलपूरच्या बाजूला डोंगरातून उतरलेल्या ओढ्यांनी गोटे आणि वाळू टाकून पायथ्याला पंखे तयार केले आहेत. तिथे पाणी मुरतं, विहिरी गोड्या, संत्र्याच्या बागा. अंजनगाव सुर्जीकडे पानपिंपरीचे मळे. तिथून दर्यापूरकडे निघालं की बागा विरळ होतात, मग संपतात. पुढे नुसती कपाशी, तूर, सोयाबीन, मूग आणि रब्बीचा हरभरा. रस्ता अगदी सरळ, आणि उतार जाणवतो तो फक्त सायकलवाल्याला. पायाखाली गाळ शेकडो फूट जाड. बेसाल्टचा कातळ त्याच्याही खाली, कारण हे खोरं मुळात भूकवचातल्या भेगेच्या बाजूने खचून झालेलं आहे. कातळ वरून झिजत जाऊन जागच्या जागी ही माती झालेली नाही. पूर्वी कधीतरी आजच्यापेक्षा ओल्या हवेत बेसाल्ट कुजून बनलेली चिकणमाती वाहत येऊन इथे साचली. आजच्या पावसात एवढी स्मेक्टाइटची, म्हणजे भिजली की फुगणाऱ्या खनिजाची, माती तयार होणं शक्य नाही, असं पाल आणि देशपांडे या मृदाशास्त्रज्ञांनी १९८७ मध्येच मांडलं होतं.

खड्डे कुठे घ्यायचे, हा खरा प्रश्न होता. पूर्णेला मिळणाऱ्या पेढी नदीच्या पाणलोटावर डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्याने केलेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सरांनी हातात दिला. त्यांचा निष्कर्ष असा, की सपाट दिसणाऱ्या या जमिनीत अर्ध्या मीटरापासून काही मीटरांपर्यंतचे सूक्ष्म उंचवटे आणि खोलगट भाग आहेत; आणि बिघडलेली माती उंचवट्यावर सापडते, चांगली खोलगटात. क्षार म्हटलं की आपण पाणी साचणाऱ्या सखल जागेकडे बोट दाखवतो. इथे नेमकं उलटं.

असे उंचवटे ना टोपोशीटवर दिसत, ना उपग्रहाच्या उंचीत. ते दाखवले एका शेतकरी काकांनी. आम्ही त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिपाई रोवून दुर्बीण लावत होतो.

"काऊन वो ताई, रोड जानार हाये का वावरातून?"

रस्ता नाही, जमिनीची उंची मोजतोय, म्हटल्यावर ते हसले. "त्याले दुर्बीन कायले पाह्यजे? पह्यला पानी पडला का मी सांगतो ना तुमाले. त्या तिकडच्या तुकड्यात पानी दोन रोज उभं राह्यते, मंग जिरते. ह्या इकडच्यात राह्यतच नाई, वरच्यावर वाहून जाते. पऱ्हाटी तिकडं कमरेलोक, इकडं घुडघ्यालोक."

दोन्ही तुकडे त्यांचेच, मध्ये नुसता धुरा. दुर्बिणीने पट्टी वाचली तर इकडचा तुकडा तिकडच्यापेक्षा हातभर उंच निघाला. डोळ्यांनी पाहून मला तो फरक कधीच कळला नसता. त्यानंतर नवीन गावात शिरलं की मी पहिला प्रश्न पावसाच्या पाण्याचा विचारायचे, आणि दुर्बीण त्या उत्तराची शहानिशा करायला लावायचे. दोघांचं बहुतेक वेळा जुळायचं.

काकांनी दोन्ही तुकड्यांत खड्डे घेऊ दिले. अट एकच, पेरणीआधी बुजवून द्यायचे आणि खालची माती वर येऊ द्यायची नाही. ही अट आमच्या नियमातही आहे, पण त्यांना ती शिकवावी लागली नाही.

एप्रिलमधली कोरडी काळी माती खणणं हे हौशीचं काम नव्हे. वखरलेला वरचा वीतभर थर भुसभुशीत, त्याखाली सब्बल मारली की टणकन उसळते. दोन गडी आळीपाळीने लागले. एक भिंत उन्हाकडे तोंड करून उभी तासायची, कारण रंग उन्हातच वाचतात. ती भिंत फावड्याने कापलेली असली तर काही दिसत नाही. चाकूच्या टोकाने ढेकूळ उचकटत खाली खाली यावं लागतं, तेव्हा माती तिच्या स्वतःच्या सांध्यांवर उघडते.

आधी खोलगटातला खड्डा. वरून भेगा एवढ्या, की मी हात घातला तो मनगटापर्यंत गेला. तार घालून खोली मोजली. अर्ध्या मीटरच्या आतच ती अडली. त्याखाली माती गार आणि ओलसर, एप्रिलातही. रंग मुन्सेलच्या पुस्तकातल्या, म्हणजे मातीचे रंग ताडायच्या नमुनावहीतल्या, १० वायआर ३/१ च्या चौकोनाशी जुळला. ओली माती अंगठा आणि तर्जनीत दाबून पट्टी काढली तर ती न तुटता लांबत गेली. साधारण ६० सेंटिमीटरच्या खाली चाकू लावला आणि ढेकूळ एका तिरप्या पृष्ठावर सुटून हातात आलं. ते पृष्ठ जुन्या वरवंट्यासारखं गुळगुळीत, चकचकीत, आणि त्यावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक खाचा. हेच ते स्लिकेनसाइड. माती पावसात फुगते, जागा मिळत नाही, मग एक ढेप दुसरीवर तिरपी घसरते आणि घासून असा आरसा तयार होतो. आडव्याशी कोन मोजला तर चाळीस अंशांच्या आसपास. कितीही चित्रं पाहिली असली तरी तो तुकडा उन्हात फिरवून पाहिल्याशिवाय ही माती हलते यावर विश्वास बसत नाही. वर्टिसॉल, म्हणजे फुगणारी-आकसणारी काळी माती, ठरवायला लागतात त्या तिन्ही गोष्टी, म्हणजे ३० टक्क्यांहून जास्त चिकणमाती, उघडमिट होणाऱ्या भेगा आणि हे घसरपृष्ठ, एकाच भिंतीत हजर होत्या.

आता धुऱ्यापलीकडचा. वरून पाहिलं तर काही फरक नाही. रंगात तपकिरीची किंचित झाक, १० वायआर ३/२. पण तार भेगेत घातली ती जातच राहिली. घसरपृष्ठांच्या थरात शिरून, त्या चकचकीत पृष्ठांनाही चिरत भेग खाली गेलेली. जो थर दाबाखाली ओला राहून घडला, तोच आता वाळून फुटत होता. ह्या थरापर्यंत हल्ली पाणी येतच नाही, याचा यापेक्षा सरळ पुरावा कोणता हवा? सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर वरपासून खालपर्यंत फसफस, आणि खाली जास्त जोरात. विम्लता असेल तर गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलिन टाकलं तर वरच्या थरात रंग नाही, दोन फुटांवर मात्र काळ्या मातीवर गुलाबी ओघळ.

चुन्याचे खडेही दोन तऱ्हेचे निघाले. काही कठीण, गोलसर, ज्यांच्यावर लोह-मँगनीजची काळी पुटं चढलेली. ही पुटं चढायला ओलं हवामान लागतं, म्हणजे हे खडे जुन्या काळाचे. आणि काही पांढरे, पिठूळ, बोटाने चुरणारे, हे आजच्या कोरड्या हवेत तयार होत असलेले. सर खड्ड्यात उतरले, दोन्ही एका तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिले आणि मला म्हणाले, "याचे फोटो नीट काढ. तुझ्या पावसाच्या तक्त्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतील."

पांढऱ्या चुन्यातच आजाराचं मूळ आहे. माती वाळत जाते तसं पाण्यातलं कॅल्शियम चुना होऊन बसतं. मातीच्या कणांना धरून राहायला मग सोडियम आणि मॅग्नेशियम उरतात. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण एकमेकांना सोडतात, अतिबारीक कण खाली सरकून छिद्रं बुजवतात. पुढच्या पावसाचं पाणी आणखी कमी आत जातं, खालचा थर आणखी वाळतो, आणखी चुना बसतो. उंचवट्यावरून पाणी वाहून जात असल्यामुळे हे चक्र तिथे जोरात फिरतं. खोलगटात पाणी उभं राहून पुन्हा पुन्हा भिजवतं, म्हणून ती जागा अजून तग धरून आहे. हातभर उंचीने एवढं होतं.

नमुने कापडी पिशव्यांत भरले; चिठ्ठी एक आत, एक बाहेर. खड्डे कबूल केल्याप्रमाणे बुजवले.

वर्गीकरणासाठी अजून एक आकडा हवा होता, जो कुठल्याच वेधशाळेत मिळत नाही: भेगा वर्षातले किती दिवस ५ मिलिमीटरपेक्षा रुंद राहतात. ९० दिवस झाले तर माती उस्टर्ट, म्हणजे उस्टिक हवामानातली वर्टिसॉल; ओलित नसताना २१० च्या वर गेले तर 'अ‍ॅरिडिक', म्हणजे वाळवंटी स्वभावाकडे झुकलेली. त्यासाठी भेगांच्या बाजूला खुंट्या रोवल्या आणि ऋतूभर येजा करून रुंदी मोजत राहिले. जिथे मला जमलं नाही तिथे काकांनी सांगितलं. त्यांचा हिशेब सणांचा होता: उंचावरच्या तुकड्यात दिवाळीनंतर लगेच भेगा पडायला लागतात आणि मृगाच्या पावसानेही त्या पटकन मिटत नाहीत; खोलगटात संक्रांतीच्या सुमाराला पडतात. मला लागत होती ती मातीतल्या हवामानाची नोंदवही ही अशी होती. न्यूहॉलच्या पद्धतीने दोन्ही तुकड्यांना एकच उत्तर दिलं होतं, भेगांनी दोन वेगळी दिली.

प्रयोगशाळेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे संयमाशिवाय दुसरं काही लागत नाही. चिकणमातीचं प्रमाण काढायला नमुना पाण्यात घुसळून उभ्या नळकांड्यात ठेवायचा आणि सात-आठ तासांनी ठरलेल्या खोलीवरून पिपेटने थोडंसं पाणी उचलायचं. तोवर तरंगत उरलेली तीच चिकणमाती. इथल्या नमुन्यांत ती निम्म्याहून बरीच जास्त. क्ष-किरणांच्या आलेखात स्मेक्टाइटचं शिखर १४-१५ अँगस्ट्रॉमवर, ग्लायकॉलची वाफ दिली की फुगून १७ वर. यात नवल काही नव्हतं.

नवल दिसलं ते काचेच्या दोन साध्या पेल्यांत. दोन्ही खड्ड्यांतलं, एकाच खोलीवरचं, हरभऱ्याएवढं एकेक ढेकूळ डिस्टिल्ड पाण्यात सोडलं. खोलगटातलं ढेकूळ चिरलं, त्याचा चुरा तळाशी बसला, पाणी स्वच्छ. उंचवट्यावरच्या ढेकळाभोवती आधी दुधी वलय आलं, मग ते पसरत गेलं, आणि जेवून परत आले तेव्हा पेल्यातलं पाणी गढूळ झालेलं होतं. पेला हलवला नव्हता. ते दुसऱ्या दिवशीही तसंच. मातीतून पाणी किती वेगाने उतरतं ते मोजलं तेव्हा या नमुन्यातून तासाला एक मिलिमीटरही पाणी उतरत नव्हतं.

इथे सरांशी माझा वाद झाला. आमच्या कापलेल्या रेषेवर मधल्या उंचीचा अजून एक खड्डा होता. मातीच्या कणांना धरून असलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरेंत सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे गेलं तर माती सोडिक, म्हणजे सोडियमने बिघडलेली, ही मर्यादा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या १९५४ च्या हँडबुक ६० पासून चालत आली आहे. मधल्या खड्ड्यात ते त्याहून कमी होतं, तरी पाणी उतरत नव्हतं. विदर्भातल्या काळ्या मातीत ५ टक्क्यांपासूनच निचरा बिघडतो, असं पालांच्या गटाचं काम सांगतं. माझं म्हणणं, हिला सोडिक म्हणावं. सरांचं म्हणणं, नियम आपण बदलायचा नाही. नाव नियमाने द्यायचं आणि वागणूक शेजारी लिहायची. त्यांचंच चाललं. तरी मला अजूनही वाटतं, की पाणी न मुरणाऱ्या मातीला नावाने निरोगी ठरवणारा नियम इथे फार उपयोगाचा नाही. मातीचा दाखला वाचणारा कृषी सहायक शेजारचा रकाना वाचेलच असं नाही.

शेवटी नावं अशी पडली (हॅप्लुस्टर्ट हा उस्टर्टचाच साधा प्रकार, टिपिक म्हणजे नेहमीची): खोलगटात टिपिक हॅप्लुस्टर्ट, मध्ये अ‍ॅरिडिक हॅप्लुस्टर्ट, उंचवट्यावर सोडिक हॅप्लुस्टर्ट. एकाच शिवारात, एकाच पावसाखाली, एकाच रंगाची तीन मात्या.

नकाशा काढताना पुन्हा प्रमाणाचा अडथळा आला. गाव पातळीवरच्या १:१०,००० नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. काही उंचवटे एवढे मोठे की स्वतंत्र रेघ मारता आली. काही धुऱ्याधुऱ्याने बदलणारे, त्यांना 'संमिश्र' एकक म्हणून एकत्र घेतलं आणि सूचीत लिहिलं की यातली चांगली माती खोलगटात शोधावी. सीमा काढायला ऑक्टोबरची पिकाची चित्रं, दुर्बिणीच्या ओळी आणि पाणी कुठे उभं राहतं ही लोकांची माहिती, तिन्ही एकावर एक ठेवली. जिथे दोघांचं जमत होतं आणि तिसरा विरोधात होता तिथे पुन्हा जाऊन ऑगरने, म्हणजे हाताने फिरवायच्या गिरमिटाने, भोक पाडून पाहिलं. एकटी चित्रं विरोधात असत तेव्हा बहुतेक वेळा कारण पिकात सापडायचं, उशिरा पेरलेली तूर किंवा नुसतं पडीक. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की लोकांच्या सांगण्याला तू डेटा कसा म्हणतेस. मी दुर्बिणीच्या आकड्यांशी ताडलेला तक्ता पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि पुढच्या पानावर गेले.

प्रबंध झाल्यावर नकाशाची एक प्रत काकांना नेऊन दिली. त्यांनी आधी आपला गट क्रमांक शोधला, मग धुरा, मग धुऱ्याच्या दोन बाजूंचे दोन रंग.

"मंग जिप्सम टाकाचं का?"

उंचावरच्या तुकड्यात एकरी टनभर, पावसाआधी, आणि आडव्या सऱ्या पाडून पाणी थोपवायचं, म्हणजे जिप्सम विरघळून त्यातलं कॅल्शियम आत जाईल आणि सोडियमला हटवील; नुसतं टाकून पाणी वाहून गेलं तर पैसे वाया, असं सांगितलं.

"आन् तिकडच्यात?"

"तिकडच्यात नको."

"कृषीवाल्यानं तं सातबाऱ्यावरच्या सगळ्या वावरासाठी हिशेब दिल्ला होता," ते म्हणाले, आणि नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ट्रॉलीचं भाडं मांडायला बसले.